गावात फिजिशियन आहे का?

कोकणातून मुंबईला गेलेल्या माणसाचा एक जुना बेत असतो. नोकरीची पस्तीस-चाळीस वर्षे काढायची, मुलांची शिक्षणे-लग्ने उरकायची आणि मग लालबागची नाहीतर डोंबिवलीची जागा मुलाच्या हवाली करून गावच्या घरी जाऊन राहायचे. पूर्वी हा बेत पक्का करताना विहिरीला मे महिन्यात पाणी टिकते का, घराचे वासे धड आहेत का, भाऊबंदांशी पटेल का, एवढीच चौकशी व्हायची. आता त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे आणि बहुतेक घरांत तोच आधी विचारला जातो : तिथे जवळपास चांगला फिजिशियन आहे का? नवरा-बायकोपैकी एकाला मधुमेह, दुसऱ्याला रक्तदाब, दोघांच्या मिळून दिवसाला दहा-बारा गोळ्या. अशा वेळी या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आले नाही, की आयुष्यभराचा बेत गणपतीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस जाऊन येण्यावर थांबतो.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून फेरी मारली, तर दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा दिसत नाही. दातांचे डॉक्टर असतात, हाडांचे असतात, दोन-तीन प्रसूतिगृहे असतात, सोनोग्राफी सेंटर असते. औषधांची दुकाने तर पावलोपावली. शिवाय मोठ्या शहरातले हृदयरोगतज्ज्ञ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे भेटतील, असा फलकही एस. टी. स्टँडसमोर लागलेला असतो. मात्र सोमवारी मध्यरात्री छातीत कळ आली, तर कोणाचे दार ठोठवायचे, याचे उत्तर गावाजवळ नसते. महिन्यातून एकदा येणारा हृदयरोगतज्ज्ञ मिळतो आणि रोज गावात राहणारा फिजिशियन मिळत नाही, अशी आज अनेक लहान गावांची स्थिती आहे. ती का आली आणि तिच्यातून वाट कशी काढता येईल, याचा विचार आता केवळ वैद्यकीय वर्तुळात होऊन भागणार नाही.

फिजिशियन म्हणजे नेमका कोण?

आपण डॉक्टरांची विभागणी अवयवांवरून करतो. डोळ्यांचा, हाडांचा, कान-नाक-घशाचा. फिजिशियनचा अवयव कोणता, हे सांगता येत नाही. त्यामुळे त्याचे कामही लोकांना नीटसे उमगत नाही. एम.बी.बी.एस. झाल्यावर आणखी तीन वर्षे मेडिसिन या विषयाचे शिक्षण घेऊन एम.डी. किंवा डी.एन.बी. झालेला हा डॉक्टर. शस्त्रक्रियेवाचून, औषधांनी सांभाळता येणारे मोठ्या माणसांचे बहुतेक सगळे आजार त्याच्या कक्षेत येतात. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, मेंदू, मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, नाना तऱ्हेचे ताप आणि विषबाधाही. सरकारी दप्तरात त्याला 'भिषक' असे भारदस्त नाव आहे. ग्रामीण रुग्णालयांच्या कागदपत्रांत 'भिषक : पद रिक्त' ही नोंद मात्र इतकी सवयीची झाली आहे, की तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही.

त्याच्या कामाचे मोल तीन साध्या प्रसंगांवरून कळेल. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. हा हिवताप असेल, डेंग्यू असेल, उंदरांच्या मुत्रातून पसरणारा लेप्टो असेल किंवा गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस असेल. चौघांचे सुरुवातीचे रूप बरेचसे सारखे आणि उपचार वेगळे. लेप्टो आणि स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिनसारखी अगदी स्वस्त गोळी वेळेवर सुरू झाली, तर माणूस सहसा वाचतो. उशीर झाला, तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होऊन तोच रुग्ण अतिदक्षता विभागात जातो आणि घरच्यांवर जमीन गहाण टाकायची पाळी येते. या दोन शेवटांमध्ये अंतर असते ते वेळेवर झालेल्या निदानाचे.

दुसरा प्रसंग हृदयविकाराच्या झटक्याचा. अँजिओप्लास्टी तालुक्याच्या गावी होणार नाही, हे उघड आहे. पण ई.सी.जी. काढून तो वाचणे आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णाला पहिल्या काही तासांत देणे हे तीस खाटांच्या रुग्णालयात होऊ शकते. ते देऊन मग रुग्ण मोठ्या शहराकडे हलवायचा. पण ते द्यायचे की नाही, हे ठरवणारा जाणता माणूस तिथे हवा. मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, पोटात व्रण नाही ना, मोठी शस्त्रक्रिया नुकतीच झालेली नाही ना, हे पाहूनच हे औषध द्यावे लागते. तेवढी खात्री असलेला कोणी नसला, की रुग्णाला गाडीत घालून 'पुढे न्या' सांगितले जाते आणि मोलाचे तास घाटात जातात.

तिसरा प्रसंग घरोघरचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या आईच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो. त्यात हृदयाच्या डॉक्टरांच्या चार गोळ्या, गुडघ्याच्या डॉक्टरांच्या दोन, मधुमेहाच्या तीन आणि शेजारणीने सुचवलेली एक. प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरते बरोबरच लिहिलेले असते. पण गुडघ्यासाठी घेतलेली वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाला जाच करते आणि दुबळ्या हृदयाला अधिक दमवते, हे सारा डबा एकदम समोर घेऊन पाहणाऱ्यालाच दिसते. कोणती गोळी सुरू करायची यापेक्षा कोणती बंद करायची, हे सांगणारा डॉक्टर म्हातारपणी फार उपयोगी पडतो. ते काम फिजिशियनचे.

बांबोळीची वाट

सिंधुदुर्ग जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली. तरुण मुंबई-पुण्याकडे आणि गोव्याकडे गेले, मागे वयस्कर माणसे राहिली. म्हणजे ज्या वयात फिजिशियनची गरज सर्वाधिक, त्या वयाची माणसे इथे मोठ्या प्रमाणात आहेत.

या माणसांनी वर्षानुवर्षे धरलेली वाट गोव्यातल्या बांबोळीची. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागांत 'बांबोळीला नेला' एवढे म्हटले, की प्रकरण गंभीर आहे हे ऐकणाऱ्याला कळते. पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे आणि या सरहद्दीवरच्या मराठी माणसांचे प्राण त्याने किती वेळा वाचवले, याची गणती नाही. पण दुसऱ्या राज्याच्या रुग्णालयावर आपला जिल्हा किती काळ विसंबणार, हा प्रश्न २०१८ च्या आरंभी उघडा पडला. गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले आणि इकडे दोडामार्ग भागात आरोग्यसेवेच्या मागणीसाठी लोक रस्त्यावर उतरले. गोव्याच्या तिजोरीतून आपल्या लोकांवर का खर्च व्हावा, हा गोवेकरांचा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. आपल्या तालुक्याला आपले फिजिशियन का मिळू नयेत, हा दोडामार्गकरांचा प्रश्नही तितकाच रास्त होता.

त्याच भागात २०१६ पासून माकडताप शिरला होता. माकडे मरू लागली, गोचिडांमार्फत रोग माणसांत आला, काजूच्या बागांत जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. अशा वेळी नवा ताप 'नेहमीचा ताप नाही' हे सर्वप्रथम ओळखायचे असते, आणि ते रोजचे ताप पाहणाऱ्या अनुभवी डोळ्यालाच जमते. गावात फिजिशियन असणे ही केवळ रुग्णाची वैयक्तिक सोय नसते. साथीच्या रोगाच्या वाटेवरचा तो पहिला पहारेकरी असतो.

आता सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे आणि ही समाधानाची गोष्ट आहे. पण जिल्ह्याच्या मुख्यालयी महाविद्यालय झाले म्हणून तालुक्यातली रिकामी पदे आपोआप भरत नाहीत. तसे असते, तर जुनी वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्यांतला एकही तालुका आज तक्रार करताना दिसला नसता.

आकडे काय सांगतात?

देशात डॉक्टर तयार होत नाहीत, असे म्हणायला आता फारशी जागा नाही. २०१४ पूर्वी एम.बी.बी.एस.च्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या, त्या दहा वर्षांत एक लाख दहा हजारांच्या पुढे गेल्या. पदव्युत्तर जागाही ३१ हजारांवरून सत्तर हजारांपलीकडे पोचल्या. तरीही केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत सामुदायिक आरोग्य केंद्रांमधली (आपल्याकडे बहुतांशी ग्रामीण रुग्णालये) फिजिशियनची तूट ७९.१ टक्के दाखवली आहे. मापदंड असा, की साधारण १ लाख २० हजार लोकसंख्येमागे, आणि डोंगराळ-आदिवासी भागात ८० हजारांमागे, तीस खाटांचे एक केंद्र असावे. तिथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असावेत. प्रत्यक्षात पाच केंद्रांपैकी जेमतेम एकाला फिजिशियन लाभतो.

दुसऱ्या बाजूला रोगांचे चित्र झपाट्याने पालटले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार, ही समजूत केव्हाच जुनी झाली. आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था मात्र बाळंतपणे, लसीकरण आणि साथी या कामांभोवती बांधली गेली. ती कामे तिने बऱ्याच अंशी चांगली केली. आयुष्यभर सोबत राहणाऱ्या आजारांसाठी वर्षानुवर्षे एकाच रुग्णाकडे पाहणारा माणूस तिच्या रचनेत पुरेसा नव्हताच.

याला इतिहासही आहे. स्वातंत्र्यापूर्वी देशातल्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक पदवीधर नव्हते, परवानाधारक होते. मुंबई इलाख्यातले जुने 'एल.सी.पी.एस.' डॉक्टर आजही कित्येक गावांतल्या वृद्धांच्या आठवणीत आहेत. १९४६ च्या भोर समितीने ही दुय्यम पदविका बंद करून सर्वांना एकच उच्च दर्जाचे शिक्षण द्यावे, अशी भूमिका घेतली. हेतू उदात्त होता. पण पुढे शिक्षण जसजसे उंच गेले, तसतसा डॉक्टर शहराकडे सरकला आणि गावातली जागा आयुर्वेद-होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरून काढली. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर म्हणून गावाला आज बहुधा त्यांचाच आधार असतो. अडचण पुढे येते. त्यांना शंका आली, तर ती विचारण्यासाठी जवळ फिजिशियन नसतो.

हाताचे पैसे, डोक्याचे नाहीत

मग एम.डी. झालेले तरुण जातात कुठे? वास्तविक मेडिसिन हा विषय आजही हुशार विद्यार्थ्यांच्या पहिल्या पसंतीच्या विषयांपैकी एक आहे. पण त्यातल्या पुष्कळांच्या दृष्टीने ते मुक्कामाचे ठिकाण राहिलेले नाही. तिथून हृदय, मेंदू, मूत्रपिंड, पोट अशा अतिविशेष शाखांची गाडी पकडायची असते. साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., मग सरकारी सेवेचे बंधपत्र, प्रवेश परीक्षेची तयारी, तीन वर्षे एम.डी. आणि पुन्हा तीन वर्षे डी.एम. या वाटेने जाणारा डॉक्टर स्थिरावतो तेव्हा पस्तिशीच्या उंबरठ्यावर असतो. त्याच्या कौशल्याला कॅथलॅब लागते, आणि कॅथलॅब शहरात असते. त्याने तालुक्यात येऊन बसावे, ही अपेक्षाच गैरलागू आहे.

यामागे पैशाचे गणित आहे, आणि ते डॉक्टरांइतकेच आपणही मांडलेले आहे. शस्त्रक्रियेचे, प्रसूतीचे, तपासणीयंत्राचे पैसे आपण कुरकुरत का होईना, देतो. हाताने काहीतरी केलेले दिसते. फिजिशियनने अर्धा तास प्रश्न विचारून, छाती-पोट तपासून, दोन गोळ्या बंद केल्या आणि एक चालू केली, तर बाहेर आल्यावर उद्गार निघतो, 'नुसते बोलण्याचे पाचशे घेतले!' सलाईन लागली, इंजेक्शन दिले, तर 'उपचार झाले' असे वाटते. त्यामुळे आवश्यकता नसताना सलाईन लावणाऱ्या दवाखान्यात गर्दी होते आणि ती लावायला नकार देणारा डॉक्टर 'चालत नाही'.

शासकीय योजना आणि विमाही याच गणिताने चालतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेने आणि आयुष्मान भारतने लाखो कुटुंबांना मोठ्या आजारात हात दिला, हे नाकारता येणार नाही. पण त्यांचा भर रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. बाहेरच्या बाहेर तपासून घेणे, महिन्या-दोन महिन्यांनी औषधे जुळवून घेणे त्यात येत नाही. याचा अर्थ मधुमेह्याचा पाय कापावा लागला तर खर्चाची सोय आहे आणि तो पाय वाचवणाऱ्या फिजिशियनच्या वर्षभराच्या चार भेटींची नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली सेवा राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क केली, ते चांगलेच झाले. पण खोलीत डॉक्टर नसेल, तर केसपेपर फुकट मिळून उपयोग काय?

एकटा माणूस टिकत नाही

पैशाशिवाय दुसरेही एक कारण आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. तालुक्याच्या गावातला फिजिशियन एकटा असतो. डोळ्यांच्या डॉक्टरला शस्त्रक्रियेचा वार ठरवता येतो. हृदयविकार, पक्षाघात, दम्याचा अटॅक, सर्पदंश आणि कीटकनाशक प्यालेला तरुण यांना वार नसतो. दिवसभर ऐंशी-शंभर रुग्ण पाहिलेल्या माणसाला रात्री दोनदा उठावे लागते. बहिणीच्या लग्नालाही दोन दिवस गाव सोडता येत नाही, कारण मागे पाहणारा कोणी नसतो. त्यातून एखादा अत्यवस्थ रुग्ण दगावला, तर नातेवाइकांचा जमाव दारात येतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण रात्री अडीच वाजता दारात उभ्या असलेल्या पन्नास माणसांना कायद्याचे कलम वाचून दाखवता येत नाही. चार-पाच वर्षे असे काढली, की मुलांच्या शाळेचे निमित्त होते आणि डॉक्टर शहर गाठतो. गाव म्हणते, पैशासाठी गेला. कित्येकदा तो झोपेसाठी गेलेला असतो.

म्हणून एका फिजिशियनवर कोणत्याही गावाची गरज भागत नाही. किमान दोन लागतात, आणि त्यांनी एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून न पाहता रात्री वाटून घ्याव्या लागतात. सरकारी पद भरताना एका ठिकाणी एकच माणूस टाकायचा आणि तो पळाला म्हणून बोटे मोडायची, ही पद्धत किती वर्षे चालवायची?

महाडने काय दाखवले?

तालुक्यात राहून फिजिशियनला काय करता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषत: मुले, दगावत. दंशानंतर हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचते, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपले. १९८२ साली 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे छापून आली. पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा या भागात परतले आणि महाडला स्थायिक झाले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर परिणामकारक ठरते, हे त्यांनी दाखवून दिले आणि त्या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण कमालीचे खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये रुग्ण पाठवल्याबद्दल एका निदान केंद्राकडून आलेला बाराशे रुपयांचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार करणारे डॉक्टरही हेच.

या कहाणीतला त्याग पाहून आपण हात जोडतो आणि विषय संपवतो. तसे करू नये. महाडच्या रुग्णांना जे मिळाले, ते शहरातल्या यंत्रसज्ज रुग्णालयातून आलेले नव्हते. एकाच भूभागातले रुग्ण वर्षानुवर्षे पाहणाऱ्या फिजिशियनच्या निरीक्षणातून ते आले. विंचू शहरात नव्हता, म्हणून त्याच्यावरचा उपाय शहरात सापडला नाही. असे आणखी किती उपाय आपल्या रिकाम्या पदांपाशी अडले असतील? आणि प्रत्येक तालुक्याला बावस्कर मिळतील, अशा भरवशावर व्यवस्था उभी राहत नाही. सामान्य कुवतीच्या, संसारी, सुट्टी हवी असलेल्या डॉक्टरलाही तिथे राहावेसे वाटले पाहिजे.

सरकारने आणि गावाने

काही पावले पडली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, अशी योजना २०२१ च्या तुकडीपासून लागू झाली. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये कुटुंबवैद्यकासह काही विषयांत दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या. तज्ज्ञांनी वेतनाचा आकडा स्वत: सांगावा आणि सरकारने तो मान्य करावा, एवढी लवचीकताही राष्ट्रीय आरोग्य अभियानात आणली गेली. 'ई-संजीवनी'सारख्या सेवेतून दूरचा तज्ज्ञ पडद्यावर भेटू लागला. चालू असलेल्या उपचारांत फेरफार करायला ती सोयीची आहे. पण पडद्यावरून छाती ऐकता येत नाही आणि पायावरची सूज दाबून पाहता येत नाही, ही तिची मर्यादा आहे.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, जिल्ह्याजिल्ह्यांत व्हेंटिलेटर आले आणि ते चालवायला माणसे नाहीत, हे सगळ्यांनी पाहिले. फिजिशियनसाठी जाहिराती निघाल्या, मुलाखतींना माणसे मिळेनात. त्या अनुभवातून घ्यायचा बोध सरळ होता. निदान प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दोन-तीन फिजिशियनांचे एकत्र पथक, प्रशिक्षित परिचारिका, चोवीस तास चालणारी प्रयोगशाळा आणि राहायला धड घर, एवढे द्यावे. मग शेजारच्या ग्रामीण रुग्णालयांत त्या पथकाने वार ठरवून जावे. आठ ठिकाणी आठ एकटे डॉक्टर नेमून सगळेच गमावण्यापेक्षा हे बरे.

बंधपत्राच्या जोरावर आणलेला डॉक्टर वर्ष मोजत बसतो. त्याच्यावर व्यवस्था उभी राहत नाही. स्थानिक मुलामुलींना पदव्युत्तर शिक्षणात वाव देऊन आपल्या भागात बांधून घेणे अधिक फलदायी होईल. ज्याची माती, भाषा आणि म्हातारे आईवडील इथे आहेत, तो परतण्याची शक्यता जास्त.

घरच्यांनी काय पाहावे?

हे सगळे होईपर्यंत आजारी माणूस थांबत नाही. म्हणून घरातल्या कर्त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पाटीवरची अक्षरे नीट वाचावीत. 'एम.डी.' ही पदवी अनेक विषयांत आणि वेगवेगळ्या वैद्यकपद्धतींत मिळते. तिच्यापुढे 'मेडिसिन' आहे का, हे पाहावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. दुसरी, आजार नसताना जाऊन एकदा ओळख करून घ्यावी आणि रात्री गरज पडली तर आपण याल का, नसाल तर कोणाकडे जावे, हे स्पष्ट विचारावे. याचे प्रामाणिक उत्तर देणारा डॉक्टर, उत्तर 'मी येऊ शकणार नाही' असे असले तरी, विश्वासाचा समजावा. तिसरी, जो आधी ऐकतो, अंगाला हात लावून तपासतो, जुने कागद मागतो आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा चिठ्ठी देऊन वेळेत पुढे पाठवतो, त्याला सोडू नये. दर खेपेला नवा डॉक्टर करणाऱ्याला कोणाचाच फिजिशियन मिळत नाही.

चौथी गोष्ट एका साध्या फाइलची. सगळ्या गोळ्यांची ताजी यादी, मागचे रक्ताचे अहवाल, कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती, आणि प्रकृती चांगली असताना काढलेला ई.सी.जी. हा जुना ई.सी.जी. अडचणीच्या रात्री नव्याइतकाच मोलाचा असतो. आलेखातला बदल आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळते. मुंबई-पुण्यातल्या मुलांनी आईवडिलांना मोठ्या टी.व्ही.ऐवजी एकदा ही फाइल लावून द्यावी आणि तिची छायाचित्रे आपल्या मोबाइलमध्येही ठेवावीत. गावचा नेहमीचा डॉक्टर सोडू नये. त्याची आणि फिजिशियनची गाठ घालून द्यावी, म्हणजे मध्यरात्री एक फोन करणे त्याला अवघड वाटणार नाही. आणि फिजिशियनने अर्धा तास देऊन एकही इंजेक्शन न देता परत पाठवले, तर ती फी आनंदाने द्यावी.

राहिला प्रश्न गावाचा. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर लोकप्रतिनिधी असतात आणि थोडाफार निधीही असतो. समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे फार थोड्या गावकऱ्यांना सांगता येईल. रुग्णालयाची नवी इमारत, तिचे भूमिपूजन, उद्घाटन आणि रुग्णवाहिकेचे लोकार्पण यांच्या बातम्या आपण वाचतो. त्या इमारतीत भिषकाचे पद मंजूर आहे का, ते किती वर्षांपासून रिकामे आहे, मधल्या काळात आठवड्यातून किती वार फिजिशियन येतो आणि रात्री कोणाला बोलावले जाते, हे चार प्रश्न पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत लेखी विचारता येतात. रस्त्याच्या खड्ड्याबद्दल आपण जितक्या हक्काने विचारतो, तितक्याच हक्काने ते विचारावेत. अर्जाला एक कोरा कागद पुरतो.